शब्द अर्धा वाचू नका
निविष्ठांच्या वेष्टनावरील इंग्रजी जोडशब्दांचे अर्थ

(खरीपपूर्व शेतकरी प्रशिक्षण वर्गात कृषिविद्या विभागातील व्याख्यात्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘वेष्टनावरील इंग्रजी शब्द’ असा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. कृषिविद्येच्या माणसाने पेरणीचे अंतर सांगावे, खताच्या मात्रा सांगाव्यात, तणांचा बंदोबस्त सांगावा. इंग्रजी शिकवायला शाळेत गुरुजी आहेत. हे खरेच आहे. मीही आज इंग्रजी शिकविणार नाही. परंतु बियाण्याची पिशवी, खताचे पोते आणि फवारणीची बाटली या तीन वस्तूंवर आपण दर हंगामात कष्टाचा पैसा घालतो, आणि त्यांच्यावरचे ठळक शब्द बहुधा इंग्रजी असतात. तो शब्द चुकीचा वाचला तर पैसा जातो, पीक जाते आणि प्रसंगी माणूसही जातो. म्हणून हा विषय शेतीचाच आहे.

सुरुवात माझ्याच घरच्या एका चुकीपासून करतो.

सन २०१० च्या खरिपातील ही गोष्ट. मी कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. हिंगोली जिल्ह्यातील आमच्या गावी दोन एकर सोयाबीन होते. पेरून वीस दिवस झालेले, पाऊस उघडत नव्हता, कोळपे चालत नव्हते आणि तण पिकाच्या बरोबरीने वर आले होते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेजाऱ्याकडे बांधावर मारून उरलेली तणनाशकाची बाटली आणली. घडीपत्रिका हरवलेली होती. अण्णांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी अक्षरे त्यांना एक एक करून लावता येत. त्यांनी मला फोन केला आणि म्हणाले, “बाळ, ह्याच्यावर मोठ्या अक्षरात सिलेक्टिव्ह हर्बिसाइड लिहिलंय. सोयाबीनवर चालेल का?”

त्याच आठवड्यात आमच्या वर्गात तणनाशकांचा पाठ झाला होता. मी ऐटीत सांगितले, “सिलेक्टिव्ह म्हणजे निवडक. पिकाला सोडून फक्त तण मारणारं. मारा बिनधास्त.”

दहा दिवसांत तण पिवळे पडले आणि त्याच्या जोडीने सोयाबीनही पिवळे पडले. मी गावी गेलो तेव्हा दोन एकरांत हिरवे पान शोधावे लागत होते. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी ती बाटली आणून माझ्या हातात दिली. बाटलीच्या गोलाईमुळे शब्द दोन ओळींत तुटला होता. वरच्या ओळीच्या शेवटी ‘नॉन’ आणि एक लहानशी आडवी रेघ, खालच्या ओळीवर ‘सिलेक्टिव्ह हर्बिसाइड’. अण्णांनी खालची ओळ वाचली होती. मी तर तेवढेही केले नव्हते. बाटलीतील घटकाचे नाव न विचारता, कोणत्या पिकासाठी शिफारस आहे हे न विचारता, घरात बसून उत्तर दिले होते. अण्णा इतकेच म्हणाले, “माझ्याकडून शब्द अर्धा वाचला गेला रे.” अर्धा शब्द त्यांनी वाचला होता, पण चुकीचा सल्ला माझा होता. ती दोन एकर जमीन त्या खरिपात रिकामी राहिली आणि रब्बीत तिच्यात हरभरा पेरला.

तेव्हापासून मी ज्या रीतीने वेष्टन वाचतो ती रीत आज आपणांपुढे ठेवतो.

जोडशब्द तोडून वाचा

इंग्रजीतील हे लांबलचक शब्द एका दमात वाचले तर बोजड वाटतात. त्यांचे तुकडे केले की ते सोपे होतात, कारण त्यांची रचना आपल्या बैलगाडीसारखीच आहे. बैलगाडी ही गाडी आहे. कोणती, तर बैलाची. पोळपाट हा पाट आहे आणि गुळपोळी ही पोळी आहे. शेवटचा तुकडा वस्तू सांगतो आणि पुढचा तुकडा तिचा प्रकार सांगतो. ‘सीड ट्रीटमेंट’ ही ट्रीटमेंट, म्हणजे प्रक्रिया. कशावर, तर सीडवर, म्हणजे बियाण्यावर. ‘सॉइल टेस्टिंग’ म्हणजे तपासणी. कशाची, तर मातीची.

यापुढे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. काही जोडशब्दांच्या पुढे एक-दोन अक्षरांचे लहान तुकडे लागतात. ‘नॉन’, ‘प्री’, ‘पोस्ट’, ‘मोनो’, ‘डाय’ हे असे तुकडे आहेत. ते आकाराने लहान, पण अर्थ फिरविण्यात मोठे. आपल्याकडे ‘खर्चिक’ आणि ‘बिनखर्चिक’ यांत जो फरक ‘बिन’ करतो, तोच फरक ‘सिलेक्टिव्ह’ आणि ‘नॉन-सिलेक्टिव्ह’ यांत ‘नॉन’ करतो. आमच्या दोन एकरांचे नुकसान या एका तुकड्याने केले.

‘साइड’ म्हणजे मारणारे

प्रथम शेवटचा तुकडा घेऊ. इन्सेक्टिसाइड, फंगिसाइड, हर्बिसाइड, निमॅटिसाइड, रोडेंटिसाइड या सर्वांच्या शेवटी ‘साइड’ आहे. हा तुकडा लॅटिन भाषेतून आला असून त्याचा अर्थ ‘ठार मारणारे’ असा आहे. कोणाला मारणारे ते पुढचा तुकडा सांगतो. इन्सेक्ट म्हणजे कीटक, फंगस म्हणजे बुरशी, निमॅटोड म्हणजे सूत्रकृमी आणि रोडेंट म्हणजे उंदीर-घुशी.

एवढे समजले तरी बरीचशी वायफळ फवारणी वाचते. फंगिसाइड बुरशीवर चालते. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात तो रोग बुरशीचा नाही, विषाणूचा आहे आणि तो पांढरी माशी पसरवते. तेथे फंगिसाइड कितीही फवारले तरी पैसे मातीत. रोगट झाडे उपटून नष्ट करणे, पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करणे आणि रोगास प्रतिकारक वाण लावणे हाच तेथे उपाय आहे. तसेच कोळी हा आठ पायांचा जीव असून तो कीटकांत मोडत नाही. म्हणून त्याच्यासाठी बहुधा कोळीनाशक म्हणून शिफारस केलेलेच औषध लागते.

आता माझ्याही तोंडून ‘औषध’ हा शब्द निघून गेला पाहा. आपण सर्वच जण तसे म्हणतो. “कपाशीला औषध मारून आलो,” “औषधाचा डबा माळ्यावर ठेव.” औषध म्हणजे बरे करणारी वस्तू, असा अर्थ आपल्या मनात लहानपणापासून बसलेला आहे. इंग्रजी शब्द स्वतःच ‘मी मारणारा आहे’ असे सांगतो आणि आपण त्याला औषध म्हणून घरात नेतो. शब्दामुळे भीती जाते, आणि भीती गेली की मग हाताने द्रावण ढवळले जाते, वाऱ्याच्या तोंडावर फवारणी होते आणि रिकाम्या डब्यात पिण्याचे पाणी भरले जाते. सन २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याची कारणे अनेक होती, हे मी मान्य करतो. परंतु आपण हाताळतो ती वस्तू विष आहे याची जाणीव ठेवणे हे प्रत्येकाच्या हातातील पहिले संरक्षण आहे.

ही जाणीव देण्यासाठी कायद्याने वेष्टनावर एक चौकोन छापणे बंधनकारक केले आहे. तो पतंगासारखा टोकावर उभा असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो आणि वरच्या भागात इशाऱ्याचा शब्द असतो. लाल रंग म्हणजे अत्यंत विषारी; त्यावर कवटी व हाडांचे चिन्ह आणि ‘पॉयझन’ म्हणजे विष हा शब्द असतो. पिवळा म्हणजे जास्त विषारी. त्यावरही ‘पॉयझन’ असते. निळा म्हणजे मध्यम विषारी. त्यावर ‘डेंजर’ म्हणजे धोका. हिरवा म्हणजे कमी विषारी. त्यावर ‘कॉशन’ म्हणजे सावधान. हिरवा रंग पाहून ‘हे निर्धोक’ असा अर्थ काढू नये. सिग्नलचा हिरवा रंग ‘जा’ म्हणतो, बाटलीवरचा हिरवा रंग ‘जपून जा’ म्हणतो.

त्याच वेष्टनावर ‘अँटीडोट’ असा शब्द सापडेल. ‘अँटी’ म्हणजे विरुद्ध. अँटीडोट म्हणजे विषावरचा उतारा. तो डॉक्टरांसाठी लिहिलेला असतो. विषबाधा झाल्यास रुग्णाबरोबर ती बाटली किंवा घडीपत्रिका दवाखान्यात न्यावी, म्हणजे उपचारात वेळ जात नाही. सर्वच विषांना उतारा असतो असे नाही. पॅराक्वॉट या तणनाशकावर नेमका उतारा उपलब्ध नाही, हे ते हाताळणाऱ्याने आधीच जाणून घ्यावे.

तणनाशकांवरील शब्द

आपण ‘तणनाशक’ म्हणतो, त्यामुळे ते तणच मारील असे आपण गृहीत धरतो. इंग्रजी ‘हर्बिसाइड’ हा शब्द असे आश्वासन देत नाही. ‘हर्ब’ म्हणजे वनस्पती. हर्बिसाइड म्हणजे वनस्पती मारणारे. सोयाबीनही वनस्पती आणि केनाही वनस्पती. त्यांतून कोणाला सोडायचे हे पुढचे शब्द ठरवितात. ते शब्द जोडीजोडीने लक्षात ठेवावेत.

पहिली जोडी सिलेक्टिव्ह आणि नॉन-सिलेक्टिव्ह. सिलेक्टिव्ह म्हणजे निवडक. नॉन-सिलेक्टिव्ह म्हणजे बिननिवडक, समोर येईल ती हिरवी वनस्पती मारणारे. ग्लायफोसेट आणि पॅराक्वॉट ही बिननिवडक तणनाशके आहेत. ग्लायफोसेटचा वापर प्रशिक्षित कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना केंद्र शासनाने २०२२ मध्ये काढली आहे, हेही ध्यानात असावे.

सिलेक्टिव्ह हा शब्द दिसला तरी काम संपत नाही. लगेच विचारावे, ‘कोणत्या पिकासाठी निवडक?’ टू-फोर-डी हे निवडक तणनाशक आहे. ते ज्वारी, गहू, मका, ऊस अशा गवतवर्गीय पिकांना शिफारशीप्रमाणे वापरल्यास सोडते आणि रुंद पानांच्या तणांना मारते. परंतु कपाशी ही रुंद पानांचीच आहे आणि या तणनाशकाला ती फार हळवी आहे. शेजारच्या शेतातून वाऱ्याने आलेल्या तुषारांनी, किंवा नीट न धुतलेल्या पंपातील अंशानेसुद्धा कपाशीची पाने भेंडीच्या पानांसारखी चिंचोळी व विकृत होतात. म्हणून तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा.

दुसरी जोडी प्री-इमर्जन्स आणि पोस्ट-इमर्जन्स. ‘इमर्जन्स’ म्हणजे उगवण. ‘प्री’ म्हणजे पूर्वी आणि ‘पोस्ट’ म्हणजे नंतर. येथील पोस्टाचा टपालाशी संबंध नाही. पेंडीमिथॅलीन हे प्री-इमर्जन्स, म्हणजे उगवणपूर्व वापरावयाचे तणनाशक आहे. ते पेरणीनंतर परंतु पीक व तण उगवण्यापूर्वी, साधारणतः दोन दिवसांच्या आत, ओलसर जमिनीवर फवारावयाचे असते. तण वीतभर झाल्यावर ते फवारून ‘माल बोगस निघाला’ असे म्हणण्यात अर्थ नाही. इमॅझेथापायर हे सोयाबीनमध्ये उगवणीनंतर, तण दोन ते चार पानांवर असताना वापरतात. दोन्ही सोयाबीनचीच तणनाशके आहेत, पण एकाची वेळ दुसऱ्याला चालत नाही.

तिसरी जोडी कॉन्टॅक्ट आणि सिस्टेमिक. कॉन्टॅक्ट म्हणजे स्पर्शजन्य. जेथे पडेल तेथेच काम करणारे. सिस्टेमिक म्हणजे आंतरप्रवाही. झाडाच्या अंगात भिनून इतर भागांत जाणारे. हे दोन शब्द कीटकनाशकांवर आणि बुरशीनाशकांवरही आढळतात. स्पर्शजन्य असेल तर पानाच्या खालच्या बाजूसही फवारा पोचला पाहिजे, नाहीतर खाली दडलेली कीड तशीच राहते. लव्हाळ्यासारख्या, जमिनीत गाठी असलेल्या तणावर स्पर्शजन्य तणनाशक मारल्यास वरची पाने करपतात आणि गाठीतून ते पुन्हा फुटते.

‘प्री’ हा तुकडा आणखी एका ठिकाणी भेटतो. ‘प्री-हार्वेस्ट इंटरव्हल’ किंवा ‘वेटिंग पीरियड’ असे लिहून पुढे दिवसांचा आकडा दिलेला असतो. हार्वेस्ट म्हणजे काढणी. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किमान इतके दिवस गेले पाहिजेत असा त्याचा अर्थ आहे. वांगी, टोमॅटो, भेंडी यांची तोडणी दोन-चार दिवसांआड चालते. आज फवारून उद्या तोडलेला माल बाजारात जातो तसा आपल्याही ताटात येतो.

नावापुढील अक्षरे आणि आकडे

बाटलीवर नावापुढे आकडा आणि दोन-तीन अक्षरे असतात. उदाहरणार्थ, ‘३० टक्के ईसी’. आकडा हा मूळ घटकाचे प्रमाण सांगतो. त्यापुढील अक्षरे ही जोडशब्दांची आद्याक्षरे असून तो माल कोणत्या रूपात आहे हे ती सांगतात.

ईसी म्हणजे इमल्सिफायेबल कॉन्सन्ट्रेट. हा पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारा तेलकट द्रव असतो. एसएल हा पाण्यात पूर्ण विरघळणारा द्रव. एससी म्हणजे सस्पेन्शन कॉन्सन्ट्रेट. यात बारीक कण तरंगत असतात व ते तळाशी बसतात, म्हणून माप घेण्यापूर्वी बाटली चांगली हलवावी. डब्ल्यूपी म्हणजे वेटेबल पावडर. ‘वेटेबल’ म्हणजे भिजणारी, विरघळणारी नव्हे. म्हणून ती आधी थोड्या पाण्यात कालवून मग पंपात टाकावी आणि फवारताना पंप अधूनमधून हलवावा, नाहीतर सुरुवातीच्या सरींना नुसते पाणी आणि शेवटच्या सरींना जहाल द्रावण मिळते. डब्ल्यूजी म्हणजे पाण्यात पसरणारे दाणे. जीआर किंवा जी म्हणजे जमिनीत टाकावयाचे दाणेदार. ते पाण्यात भिजवून फवारू नये. एफएस हे बीजप्रक्रियेसाठीचे द्रावण असते.

ही अक्षरे का पाहावयाची? इमिडाक्लोप्रिड हे नाव आपणां सर्वांच्या ओळखीचे आहे. ते १७.८ टक्के एसएल, ७० टक्के डब्ल्यूजी आणि ४८ टक्के एफएस अशा रूपांत मिळते. नाव एकच. एखाद्याने १७.८ टक्क्यांची मात्रा डोक्यात ठेवून ७० टक्क्यांचा माल त्याच मापाने टाकला, तर जवळपास चौपट विष पिकावर गेले आणि पैसाही तसाच गेला. म्हणून शेजाऱ्याला “कोणतं मारलं?” एवढेच विचारून भागत नाही. “किती टक्क्यांचं आणि कोणतं रूप?” हेही विचारावे.

निंबोळीयुक्त कीटकनाशकांवर ‘पीपीएम’ असते. हा ‘पार्ट्स पर मिलियन’ या शब्दांचा संक्षेप आहे. मिलियन म्हणजे दहा लाख. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग. त्यामुळे १०,००० पीपीएम म्हणजे फक्त १ टक्का आणि १,५०० पीपीएम म्हणजे ०.१५ टक्का होतो. मोठा आकडा पाहून भुलू नये व दचकूही नये. परंतु १,५०० ची मात्रा १०,००० च्या बाटलीला लावू नये.

खतांच्या पोत्यावर

खतांमध्ये ‘मोनो’ आणि ‘डाय’ या तुकड्यांचे राज्य आहे. मोनो म्हणजे एक, डाय म्हणजे दोन. डीएपी म्हणजे डाय-अमोनियम फॉस्फेट, प्रमाण १८:४६:०. ठिबकमधून आपण जे ‘बारा एकसष्ट’ सोडतो ते मोनो-अमोनियम फॉस्फेट, प्रमाण १२:६१:०. अमोनियमचा भाग नत्र देतो. तो डीएपीमध्ये दोन वेळा आहे, म्हणून त्यात नत्र जास्त. मोनोमध्ये एकदाच आहे, म्हणून नत्र कमी आणि स्फुरद जास्त. तिन्ही आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद व पालाश यांची टक्केवारी सांगतात. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते, आणि पालाश मुळीच नसते.

झिंक सल्फेट घेतानाही हाच नियम उपयोगी पडतो. बाजारात ‘हेप्टाहायड्रेट’ आणि ‘मोनोहायड्रेट’ असे दोन प्रकार मिळतात. ‘हायड्रेट’ म्हणजे पाणी धरलेले. ‘हेप्टा’ म्हणजे सात, ‘मोनो’ म्हणजे एक. पहिल्यात जस्ताबरोबर पाण्याचे सात रेणू आणि दुसऱ्यात एकच. म्हणून पहिल्यात जस्त २१ टक्के असते आणि दुसऱ्यात ३३ टक्के. दहा किलोच्या पिशवीतून एकात २.१ किलो जस्त मिळते, दुसरीत ३.३ किलो. किंमत पिशवीवर न तोलता जस्तावर तोलावी. ‘चिलेटेड झिंक’ या नावातील चिलेट हा शब्द मुळात खेकड्याच्या नांगीवरून आला आहे. जस्ताला नांगीत धरावे तसे धरून ठेवलेले असते, त्यामुळे ते चुनखडीयुक्त जमिनीतही लवकर अडकून पडत नाही.

‘म्युरेट ऑफ पोटॅश’ यातील म्युरेट हे क्लोराइडचे जुने नाव आहे. द्राक्ष किंवा तंबाखू यांसारख्या क्लोराइड न मानवणाऱ्या पिकांना ‘सल्फेट ऑफ पोटॅश’ वापरण्याची शिफारस का करतात, याचे उत्तर या एका शब्दात आहे.

बियाण्याच्या पिशवीवर

येथे दोनच शब्द पाहू. पहिला ‘एफ-१ हायब्रिड’, म्हणजे संकरित वाणाची पहिली पिढी. तिच्या दाण्यापासून पुढील वर्षी पेरणी केल्यास झाडे सारखी येत नाहीत आणि उत्पादन घटते, म्हणून संकरित बियाणे दरवर्षी नवीन घ्यावे लागते. सोयाबीन, हरभरा, गहू यांचे सुधारित वाण मात्र सरळ वाण असतात. त्यांचे घरचे बियाणे निवडून, उगवणशक्ती तपासून पेरता येते. पिशवीवर ‘हायब्रिड’ आहे की ‘व्हरायटी’, हे पाहून हा निर्णय घ्यावा.

दुसरा शब्द ‘ट्रूथफुल’. ट्रूथ म्हणजे सत्य. त्यामुळे हे बियाणे प्रमाणित बियाण्यापेक्षा अधिक खात्रीचे, अशी कित्येकांची समजूत होते. प्रमाणित बियाण्याची, म्हणजे ‘सर्टिफाइड सीड’ची तपासणी बीज प्रमाणीकरण यंत्रणा करते आणि त्यास निळी खूणचिठ्ठी असते. ‘ट्रूथफुल लेबल’ म्हणजे चिठ्ठीवर लिहिलेले खरे आहे, असे उत्पादक स्वतः सांगतो. ते वाईट असते असे माझे म्हणणे नाही. परंतु सांगणारा कोण, एवढे आपणांस माहीत असावे.

काय करावे

सर्व शब्द पाठ करण्याची गरज नाही. पुढील चार सवयी लावून घ्याव्यात.

पहिली, विकत घेण्यापूर्वी दुकानातच वेष्टनावरचा पूर्ण शब्द वाचावा. ओळीच्या शेवटी आडवी रेघ दिसली की शब्द तुटलेला आहे असे समजून वरची व खालची ओळ जोडून वाचावी.

दुसरी, चार प्रश्न विचारावेत: हे कोणाला मारते, कोणत्या पिकावर चालते, केव्हा वापरावयाचे आणि किती टक्क्यांचे आहे? चारही उत्तरे मराठी मजकुरात किंवा घडीपत्रिकेत मिळाली पाहिजेत. घडीपत्रिका नसेल तर ते फवारू नये. दुसऱ्याची उरलेली बाटली तर मुळीच आणू नये.

तिसरी, फोनवर सल्ला घेताना ऐकणाऱ्याला शब्दाचे एक एक अक्षर सांगावे, शक्य असल्यास वेष्टनाचा फोटो पाठवावा. जो सल्ला देतो त्यानेही अर्ध्या शब्दावर उत्तर देऊ नये. हे मी आपल्याइतकेच स्वतःलाही सांगतो.

चौथी, एक वही करावी. पक्की पावती तिच्यात चिकटवावी आणि शेजारी मालाचे पूर्ण नाव, टक्के, अक्षरे, फवारणीची तारीख लिहावी. घरातील शाळकरी मुलामुलींना हे काम जरूर द्यावे. मात्र बाटली त्यांच्या हाती देऊ नये, आपण धरावी व त्यांनी वाचावे.

आमच्या घरी अशी वही आहे. तिच्या पहिल्या पानावर अण्णांनी इंग्रजी अक्षरांत एकच शब्द लिहून ठेवला आहे, ‘नॉन’. त्याच्यापुढे मराठीत लिहिले आहे, ‘म्हणजे नाही’. गेली अनेक वर्षे ते दुकानातून कोणतीही बाटली घेताना आधी तो तुकडा शोधतात आणि मगच पैसे देतात. दोन एकर सोयाबीन देऊन शिकलेला हा धडा आपणांस आज फुकट मिळाला, एवढे जरी या भाषणातून झाले तरी माझे येथे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.

जेवणाच्या सुट्टीनंतर आपण आपापल्या घरून आणलेल्या घडीपत्रिका व रिकाम्या पिशव्या एकत्र वाचणार आहोत. ज्यांनी आणल्या नसतील त्यांनी मागच्या टेबलावरून घ्याव्यात. शंका असेल ती मोकळेपणाने विचारावी. शब्द न कळणे ही लाजेची गोष्ट नाही.